जेसीबीचा पोळा

माझे धाकटे दीर गेले, हे मला घरच्यांच्या फोनआधी टीव्हीनं सांगितलं. मारुंजीच्या घरी भाजी निवडत होते. 'गंभीर सिनेमाचा दिग्दर्शक हरपला...' आणि खाली भावजींचा तोंड पाडलेला फोटो. महिना झाला, पेपरात तेच चाललंय. एकानं लिहिलं, त्यांना फक्त माणसाचं दुःख दिसायचं. खोटं आहे.

भावजींनी एक हसवणारा सिनेमा केला होता, छोटासा, आमच्याच अंगणात. जमीन विकलेली, बैल गेलेले, पण म्हातारा-म्हातारीची पोळ्याची सवय जात नाही. शेवटी ती जमीन खणायला आलेल्या, दारात उभ्या जेसीबीलाच झूल घालतात. म्हातारी मी. चौथी शिकलेली, मला वाक्यं पाठ होईनात. भावजी म्हणाले, "वहिनी, बैलाचं करता तसंच करा." केलं. चाकांवर पाणी घातलं, हळदकुंकू लावलं आणि पुरणपोळी त्याच्या पुढच्या बकेटमध्ये ठेवून म्हणाले, "खा रं राजा." तर वर बसलेला बिहारी ड्रायव्हर उतरला आणि खाऊनच टाकली. "मेरे लिए थी ना, अम्मा?"

"तुजी न्हाई, त्याची व्हती! आता त्यो उपाशी ऱ्हायला ना!"

यातलं काहीच लिहिलेलं नव्हतं. भावजींनी सगळं ठेवलं. पण जाणकारांनी नाकं मुरडली, एवढ्या मोठ्या माणसाला असलं शोभत नाही म्हणे. सिनेमा कपाटात गेला. गेल्या दिवाळीत भावजींनी तो मला आणून दिला. "मी गेल्यावर हा दाखवा, वहिनी. बाकीचे सिनेमे कुणीही दाखवेल."

"आदी कोन जातंय, ते तर बगू," मी म्हणाले.

लवळ्याच्या कॉलेजात शोकसभा ठेवली होती. मी सिनेमा घेऊन गेले. तिथला एक साहेब म्हणाला, "आजी, शोकसभेत लोक हसले तर कसं दिसेल?"

"दात दिसतील," मी म्हणाले.

त्यांनी रडका सिनेमाच लावला. मी उठून आले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आमच्या पार्किंगमध्ये, हिंजवडीत कामाला जाणाऱ्या माझ्या भाडेकरू मुलींनी चादर बांधून सिनेमा लावला. भावकी आली, शेजारचे टेम्पोवाले आले. ड्रायव्हरनं पोळी तोंडात घातली आणि चित्र गदागदा हलायला लागलं. एक मुलगी म्हणाली, "आजी, कॅमेरा बिघडला होता का?"

"न्हाई गं. भावजींनी सोता धरलाय. हसत्यात."

सगळ्यांनी कान टवकारले... मग चादरीमागून आल्यासारखं त्यांचं हसू नीट ऐकू आलं, आणि सगळं पार्किंग हसलं. भावकीतल्या एकानं डोळे वटारले. मी त्याला म्हटलं, "रडायचं आसंल तर त्यांचे बाकीचे सिनेमे हायेत. माज्या दारात दर पोळ्याला ह्योच लागनार."