मेलचा कोंडवाडा

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसाला किस्से शोधत हिंडावं लागत नाही. ते आपोआप साचतात, आणि चार ओळखीची माणसं चहाला जमली की एकामागून एक बाहेर पडतात. माझ्याकडचे सगळे सांगलीचे, नव्वदीच्या अगदी शेवटच्या वर्षांतले.

आमचे मालक अण्णा साताऱ्याकडचे, सैन्यात सिग्नलला होते. निवृत्तीनंतर त्यांनी सांगलीत व्यापाऱ्यांसाठी ईमेलची सेवा काढली. एक खोली, एक सर्व्हर, एक मोडेम आणि हे सगळं सांभाळणारी मी. व्हायरसचा सुळसुळाट झाला तेव्हा मी क्वारंटाइन बसवलं. म्हणजे येणारी-जाणारी संशयित मेल वेगळ्या फोल्डरमध्ये अडकायची, आणि चौकशी करून मी ती सोडायची. मला हे काम उत्तम जमायचं, खोटं कशाला बोलू!

अण्णांना घोर एकच. हळद बाजारातले तात्या आमचे सगळ्यात मोठे गिऱ्हाईक. त्यांची लेक मस्कतला, पहिलटकरीण. तिची खुशाली कळावी म्हणून तात्यांनी मेल घेतली, आणि तात्यांच्या मागोमाग अख्खा बाजार आला.

"त्या पोरीची एक मेल जरी गहाळ झाली ना, तात्या जाईल आन् बाजार बी घिऊन जाईल!" अण्णा रोज बजावायचे.

*

म्हसवडचे एक घोंगड्यांचे व्यापारी. त्यांना फोन करून सांगितलं, "काका, तुमची मेल अडकवून ठेवलीय. कुणाकडून येणार होती सांगा, लगेच सोडते."

दुसऱ्या दिवशी काका एसटीनं हजर! सोबत गावातले दोघं.

"हे पंच हायती. मेल माझीच हाय म्हनून सांगतील. दंड किती?"

दंड नसतो, हे त्यांना काही केल्या पटेना. शेवटी मेल सोडून दाखवली. जाताना दारातून वळून म्हणाले, "आमच्या कोंडवाड्यात ढोरं उपाशी मरत्यात, ताई. तुमच्यात लय बरं हाय!"

तेव्हापासून क्वारंटाइन हा शब्दच बाद झाला. गिऱ्हाइकं विचारायची, "कोंडवाड्यात आमचं काय हाय का?"

*

एकदा मी सुट्टीवर असताना अण्णांनी स्वतः नियम घातला. फौजी नियम! अनोळखी माणसाची मेल आत येऊ द्यायची नाही. ओळखीची यादी मात्र कोरीच राहिली.

मी परत आले तर अण्णा मिशीला पीळ देत बसलेले. "बघ! काल दिसभर एक बी व्हायरस न्हाई!"

मी स्क्रीन बघितली. "अण्णा, काल दिवसभर एक बी मेल न्हाई!"

*

महाबळेश्वरच्या एका हॉटेलचे मॅनेजर जन्मभर तारा करत आलेले. मेलही तशीच, सगळी मोठ्या इंग्रजी अक्षरांत. आमच्या फिल्टरला ती जाहिरात वाटायची, आणि त्यांची प्रत्येक मेल कोंडवाड्यात.

मी फोनवर सुचवलं, "लहान अक्षरांत लिहीत चला ना."

ते चिडलेच. "मॅडम, एवढी मोठमोठी माणसं येतात आमच्याकडं. त्यांना लहान अक्षरांत लिहू? काय वाटंल त्यांना!"

मी मुकाट्यानं नियम बदलला.

*

मग एक व्हायरस आला, एकाच विषयाच्या शेकडो मेल पाठवणारा. मी नियम घातला: सारख्या विषयाच्या मेल धडाधड आल्या की अडकवायच्या. दुपारपर्यंत अख्खा हळद बाजार कोंडवाड्यात! बघते तर प्रत्येक मेलचा विषय एकच. इंग्रजी अक्षरांत, "श्री".

तात्या तणतणत आले. "आगं, माथ्यावर श्री न्हाई ते पत्र मयताचं आसतं! धंद्याला कसं चालंल?"

मीही वस्ताद. नियम उलटा फिरवला. श्री असेल ती मेल थेट आत, सारख्या विषयांची बाकीची झुंड आणि विषय कोरा असेल ती कोंडवाड्यात. व्हायरसला कुठं माहीत श्री! बाजार खूश, अण्णा खूश, मी तर हवेतच.

आणि एका सकाळी कोंडवाड्यात मस्कतची मेल दिसली. तात्यांच्या जावयाची. मी आपली सवयीनं फोन केला. "तात्या, जावयांची मेल अडकलीय. विषय कोरा आहे. सोडू का?"

पलीकडून फोन खाली आदळल्याचा आवाज आला.

थोड्या वेळानं तात्या आणि काकू दारात उभे. काकूंनी तोंडाला पदर लावलेला. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला: श्री नाही ते पत्र मयताचं!

"तूच उघड, पोरी," तात्या म्हणाले. "मला न्हाई बघवायचं."

गिऱ्हाइकाची मेल मी कधी वाचत नसे. अण्णांकडे पाहिलं, तर ते अटेन्शनमध्ये ताठ उभे. देवाचं नाव घेतलं आणि उघडली.

"मुलगी झाली! दोघी ठणठणीत!" मी ओरडूनच वाचलं.

काकू रडता रडता हसायला लागल्या. अण्णा बाहेर जाऊन नाक शिंकरून आले. तात्यांनी टोपी काढली, घाम पुसला, टोपी घातली आणि खुर्ची पुढं ओढली.

"लिव उत्तर."

लेकीला आशीर्वाद, नातीला पापा, जावयाला दोन शब्द. सगळं लिहून झाल्यावर मी विचारलं, "विषयात श्री घालू ना?"

"नगं! कोराच ऱ्हाऊ दे," तात्या म्हणाले. "त्येचा बी जीव जरा टांगणीला लागू दे!"