डेकवर ठेवलेला कुंभक

माझी श्रद्धा ईश्वरावर आहे. चमत्कारांवर ती कधीच नव्हती. मी पाठशाळेत शिकलेला, म्हणून लोक मला हौसेने भुताखेतांचे किस्से ऐकवत आले आणि मी ते हसून सोडून देत आलो. तरीही गेल्या सप्टेंबरात जे घडले, ते जसेच्या तसे येथे मांडतो.

मी ओटावाचा, निवृत्त. नात ईरा व्हँकुव्हरला नोकरी करते. तिच्या आग्रहावरून ब्रिटिश कोलंबियातील क्वाड्रा बेटापाशी तिचे ड्रिफ्ट डायव्हिंग पाहायला गेलो. यात पाणबुड्या फारसा पोहत नाही. भरतीओहोटीचा प्रवाहच त्याला नेतो, आणि वर बोट त्याच्या बुडबुड्यांचा माग काढत चालते. प्रवाहाला शरण जाऊनही सावध राहण्याची ही विद्या मला वंदनीय वाटली. तळाशी पुरातन ज्वालामुखीचे काळे खडक आहेत. ईराने फोनवर दाखवले होते... त्यांवर गुलाबी समुद्रफुले इतकी दाट, की शाळिग्रामावर पूजा बांधलेली दिसावी. अग्नीने घडवलेले पाण्याने सजवले होते.

"आजोबा, रूल नंबर वन," सूट चढवताना ईरा म्हणाली, "नेव्हर होल्ड युअर ब्रेथ. तुमचा कुंभक इथेच डेकवर ठेवून जाते. सांभाळा."

"का गं?"

"श्वास रोखून वर आलं ना, की आतली हवा फुगते. लंग्ज फाटतात."

ती हसत मैत्रिणीबरोबर पाण्यात उतरली. मी मात्र चरकलो. कारण लहानपणापासून बेसमेंटमध्ये समोर बसवून "पूरक... कुंभक... रेचक" म्हणत श्वास घ्यायला, रोखायला, सोडायला तिला मीच शिकवले होते. घाबरली की ती श्वास धरते, हे मला ठाऊक होते.

डोळे मिटून मी जप करू लागलो. मध्येच, काही कारण नसताना, माझ्या तोंडून मोठ्याने शब्द निघाला — "रेचक!"

कॅप्टन लिंडाबाईंनी सुकाणूवरून वळून पाहिले. "हू इज चक?" त्यांना ते कोणा माणसाचे नाव वाटले.

मी उत्तर देणार, तोच पुढे पाणी उकळल्यासारखे झाले आणि बुडबुड्यांच्या लोटातून ईरा वर आली. लिंडाबाईंनी क्षणात बोट वळवली, तिला वर घेतले, ऑक्सिजन लावला. मैत्रीणही पाठोपाठ सुखरूप आली.

ऑक्सिजनचा मास्क काढल्यावर ईरा बोलू लागली. खडकाच्या कड्यापाशी प्रवाहाने तिला एकदम वर भिरकावले होते. "मी फ्रीझ झाले, आजोबा. श्वास धरला, हनुवटीसुद्धा खाली... अगदी तुम्ही शिकवलंत तशी. मग तुमचा आवाज आला. मी सोडत सोडत वर आले."

लिंडाबाई म्हणाल्या, इंजिन चालू असताना बोटीवरचे बोलणे खाली ऐकू जाणे शक्य नाही. ईराला वाटले, मनातलीच जुनी सवय बोलली असावी. मलाही ते पटले. तेवढ्यावर थांबलो असतो.

"पण तुम्ही शब्द चुकीचा का म्हणालात?" तिने विचारले.

"कोणता?"

"रेचक नाही म्हणालात. रेचय. 'य'. मला वाटलं, म्हातारपणी आजोबांचं प्रनन्सिएशन गेलं."

मी नेमके काय ओरडलो होतो, हे लिंडाबाईंना विचारले. त्या ठाम होत्या — "चक. विथ अ के."

रेचय हे आज्ञार्थी रूप आहे: श्वास सोड. पाठशाळेत आमचे गुरुजी आम्हा मुलांना तशीच आज्ञा करीत. ईराच्या जन्माआधीच ते गेले. घरी मुलांना सोपे जावे म्हणून मी नेहमी 'रेचक'च म्हटले. ते रूप या देशात माझ्या तोंडून कोणी ऐकल्याचे मला स्मरत नाही. ईराला तर संस्कृत येतच नाही.

याचा उलगडा मला आजही झालेला नाही. सकाळी प्राणायामाला बसतो तेव्हा आता कुंभक थोडा लांबवतो... कान देऊन.