जिंकलेल्याने वांगी सोलायची

पाचोऱ्याच्या फलाटावर मला निरोप द्यायला माझे वडील आबा आले होते, आणि आबांना सरपंचकीच्या निवडणुकीत पाडणारे नानाही. माझी ट्रंक नानांनीच उचलली, बोटांना फोड असताना. ते फोड आबांच्या शेतातले! तुम्हा गावकऱ्यांना रिवाज ठाऊक आहे. इकडे अमेरिकेत वाढलेल्या पोरांसाठी सांगतो. निकाल लागला की दुसऱ्या दिवशी हरलेल्याच्या शेतात भरीत. तुरीच्या काड्यांवर भाजलेली वांगी जिंकलेल्याने उघड्या हातांनी सोलायची, पाणी न लावता. मग सगळे एका पंगतीला.

गाडी हलली तसे आबा ओरडले, “भाऊ, कोनासंगे भांडन झाये तर पहिले त्यासंगे जेवजो!”

“आनि जिकना तर हात भाजी लेजो!” हे नाना. म्हणजे जिंकलास तर हात भाजून घे.

अमेरिकेत मक्याच्या मुलखात मी शेतकी शिकू लागलो. शिष्यवृत्ती तिथल्या शेतकरी क्लबची, आणि खोली क्लबचा अध्यक्ष रॉय याच्या माडीवरची. बांगलादेशाच्या युद्धाचे दिवस होते. अमेरिकन आरमार आपल्या बंगालच्या उपसागराकडे निघालेलं, आणि मी क्लबच्या मेजवानीत उकडलेला बटाटा गिळत बसलेलो.

निवडणुकीला उभा असलेला एक पुढारी गरजला, “त्या देशांना आपला राग का? आपण स्वतंत्र आहोत म्हणून! मतपेटी त्यांनी पाहिलेली नाही, म्हणून जळतात!” टाळ्या. मग त्याचं बोट माझ्याकडे. “हा तिकडचाच. विचारा त्याला!”

टेबलाखाली रॉयने माझा पाय दाबला. शिष्यवृत्ती गेली तर पाचोऱ्याचं परतीचं तिकीट, हे आम्हा दोघांनाही कळत होतं. गणपतीतल्या नाटकांत मी राजे केलेत, तसाच उठून उभा राहिलो.

“साहेब, मतपेटी आमच्याकडे आहे. माझे आबा तिच्यामुळेच पडले,” मी म्हणालो. लोक हसले. मग मी वांग्यांची गोष्ट सांगितली, आणि शेवटी म्हणालो, “तुम्ही निवडून येता याचा राग नाही. तुम्ही आमच्याकडे जहाजं पाठवता, वांगी सोलायला कोणी येत नाही.”

कोणी हसलं नाही.

आठवड्यात शिष्यवृत्ती बंद झाली, अगदी लोकशाही पद्धतीने, हात वर करून. “माझाही हात वर होता,” जिन्यात रॉयने मान खाली घालून सांगितलं.

रविवारी तो पिशवीभर वांगी घेऊन माडीवर आला. “आम्ही जिंकलो. कसं सोलायचं ते दाखव.”

परसात विस्तव केला. पहिल्याच वांग्याला त्याने बोट तोंडात घातलं. “मत मात्र मी त्या पुढाऱ्यालाच देणार आहे.”

“दे की. पुढचं वांगं घे.”

शिष्यवृत्ती परत आली नाही. रॉयच्या गोठ्यात शेण काढून मी शिक्षण पुरं केलं. ती विद्या मी गावाहूनच आणली होती. पुढे मी इथेच राहिलो.

पुतण्या परवा लिहितो, गावात यंदा जिंकलेल्यांनी हरलेल्याच्या दारावरून ढोल वाजवत मिरवणूक नेली, शेतात कोणी गेलं नाही. गाव विचारलं की मी अजून पाचोऱ्याकडचंच सांगतो. पण घर म्हणजे मला हरवणारा जिथे बोटं भाजून माझ्या पंगतीला बसतो, ती जागा. सध्या ती रॉयच्या परसात आहे. तुमच्याकडे शेतात पुन्हा तुरीच्या काड्या पेटल्या की कळवा. मी तिकीट काढतो.