शून्य मार्कांचा उखाणा

प्रभादेवीच्या आमच्या इमारतीत यशोदा प्रधानांना सगळे प्रधानबाई म्हणतात. दादरच्या एका कॉलेजात त्यांनी जन्मभर गणित शिकवलं. ‘एक्स’ म्हणजे नेमकं काय, असं कोणी विचारलं की म्हणायच्या, "बुद्धिबळातल्या घोड्याला चारा घालतोस का? नियमाने चालव, झालं!" पाडव्याच्या शोभायात्रेतली चेहऱ्यांची रांगोळी त्या मुद्दाम उलट्या बाजूला उभं राहून बघतात. चेहरा ओळखू आला की रेघ दिसत नाही म्हणे. अर्थ सोडून नुसतं रूप बघायच्या या खोडीला रूपवाद असं भारदस्त नाव आहे, हेही त्यांनीच सांगितलं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला उखाण्यांची स्पर्धा असते आणि परीक्षक दरवर्षी प्रधानबाई. नियम एवढेच: दोन ओळी, यमक आणि नवऱ्याचं नाव. अर्थाला मार्क नाहीत. लग्नानंतरच्या पहिल्या संक्रांतीला मी सासूबाईंची माया, राकेशची साथ असं पोटतिडकीने सांगितलं, पण यमक हुकलं. शून्य! आणि पैकीच्या पैकी कोणाला, तर सुचित्राला:

"सायकलीला लावला चुना, वांग्याला लावला लगाम,
हर्षवर्धनरावांचं नाव घेते, सगळ्यांना माझा सलाम."

मला तेव्हा आलेला राग अजून उतरलेला नाही.

दिवाळीनंतर बाईंचे यजमान, मनमोहनकाका, गेले. यंदा हळदीकुंकू बकुळाकाकूंकडे होतं. त्यांनी बाईंना बोलावलंच नाही. म्हणे, त्यांनाच वाईट वाटेल. कुंकवाचा करंडा घेऊन मी दाराशी उभी, तर समोर हिरव्या इरकलीत प्रधानबाई.

"यंदा मीही नाव घेणार," त्या म्हणाल्या.

बकुळाकाकूंची तारांबळ उडाली. "अहो बाई, पण आता... कसं घेणार?"

"नियम सांग."

"दोन ओळी, यमक, नवऱ्याचं नाव."

"नवरा हयात हवा, असं आहे त्यात?"

रूपवाद कधी असा कामाला येईल असं मला वाटलं नव्हतं. मी मनातल्या मनात शिट्टी मारली.

बाईंनी पदर सारखा केला.

"सिद्धिविनायकाच्या वाटेवर जास्वंदीची रास,
मनमोहनरावांचं नाव घेते..."

पुढे ‘खास’ येणार, हे शेंबडं पोरही सांगेल. पण बाई अडल्या. मग हळूच म्हणाल्या, "...अजून हात दोन कपांचंच आधण ठेवतो."

सुचित्रा डोळे पुसू लागली. माझेही भरले होते, पण अशी संधी सोडते की काय!

"यमक कुठाय, बाई?" मी विचारलं. "शून्य!"

प्रधानबाई खळखळून हसल्या. "शून्यच," म्हणाल्या, आणि माझ्या हातातल्या करंड्याकडे बघत कपाळ पुढे केलं.