कुसुमबेनचा खांब

४ मे. वर्षाचे गहू आले होते. चादर पसरून मी त्यांना दिवेल चोळत बसले होते. दिवेल म्हणजे एरंडेल; बडोद्यात आम्ही मराठी माणसंही दिवेलच म्हणतो. फोन वाजला, तो लेकीनं माझ्या कानाला धरला. कुसुमबेनचा भाचा होता. "ताई, मावशीला जाऊन पंधरा दिवस झाले. उद्या शिबिर सुरू व्हायचंय, मुलांची नावं तिनंच लिहून ठेवलीत. व्यायामशाळेची किल्ली माझ्याकडे आहे, पण उघडणार कोण?"

"हात तेलकट आहेत. संध्याकाळी बोलू," म्हणाले.

कुसुमबेन आडनावानं मराठी, हाकेनं बेन. साडीचा काष्टा, गळ्यात काळ्या दोऱ्यात शिट्टी आणि किल्ली. सकाळी सहाला व्यायामशाळेच्या फाटकाला आतून कुलूप घालायच्या, ते साडेआठला काढायच्या. "आत आलात ना? मग हवे बहार नथी जवानुं." आता बाहेर जायचं नाही. मी तेव्हा सात वर्षांची. फाटकाचे गज धरून रडायचे. बेन लांबूनच म्हणायच्या, "रडायचं तर रड, बेटा. पण रांगेत उभी राहून रड."

रांग मल्लखांबाची असे. मुलींना दोराचा मल्लखांब पुरे, असं बाकीचे म्हणत. बेन मुलींनाही खांबावर चढवीत. अंग घासू नये म्हणून रोज खांबाला थोडंसं दिवेल त्या लावत आणि आधी स्वतः चढत. मला खांबाची भयंकर भीती. रांगेतून पळावं तर कुलूप.

पाचव्या दिवशी खांबावर चढायची माझी पाळी येणार होती. घरी गहू चोळणं चाललं होतं. औषधाच्या रिकाम्या बाटलीत मी दिवेल भरून घेतलं. सगळी मुलं मैदानाला फेऱ्या मारत होती, मी पोट दुखतंय म्हणून खांबाशी बसले आणि अख्खी बाटली हात पोचेल तिथवर चोपडली. कोणालाच चढता आलं नाही की सुट्टी होईल, एवढंच डोक्यात होतं. बेन आधी चढतात, हे विसरले.

त्या चढल्या आणि धप्पकन खाली आल्या. मनगट पाहता पाहता सुजलं. ओरडल्या मात्र नाहीत. सगळ्यांना हात पुढे करायला लावले आणि एकेकाचा वास घेतला. पंचवीस मुलांतल्या अठरा-वीस जणांच्या हातांना दिवेलाचा वास! घरोघरी गहू चोळणं चालू होतं.

"अर्ध्या बडोद्याला हाच वास," बेन म्हणाल्या आणि पायरीवर बसल्या. "ज्यानं केलं त्यानं सांगायचं. तोवर कुलूप निघणार नाही."

साडेआठ झाले. बाहेर आया जमल्या. नंदेसरीच्या कारखान्यातून रात्रपाळी करून आलेले माझे बाबा स्कूटरवर बसूनच डुलक्या घेत होते. एक पोरगी रडायला लागली, मग दुसरी. सगळी माझ्यासारखीच गज धरून उभी. माझ्यामुळे. मला तिथं राहवेना.

"बेन, मी."

त्यांनी कुलूप काढलं, बाकीच्यांना सोडलं आणि परत लावलं. "भाऊ, बसा," बाबांना म्हणाल्या. "हिला वेळ लागेल." माझ्या हातात राख आणि फडकं दिलं. खांब पुसून झाल्यावर तळहातावर दोन थेंब दिवेल घातलं. "इतकंच. आता लाव. आणि चढ."

"मी?"

"तेल लावणारीनं आधी चढायचं. मग तेल कोणी जास्त लावत नाही."

सुजलेला हात पोटाशी धरून, दुसरा माझ्या पाठीशी ठेवून त्या उभ्या राहिल्या. मी चढले. मला खांब आवडला, असं नाही. त्यांचं मनगट बरं होईपर्यंत महिनाभर तेल मीच लावलं, रोज आधी चढले, आणि कुलूप निघायची वाट पाहिली. पुढे आठ उन्हाळे गेले, आणि वाट बघायची मी कधी थांबले, ते आठवत नाही.

फोन आला त्या संध्याकाळी भाच्याला "मी उघडते" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पावणेसहाला निजामपुऱ्यात त्याच्याकडून किल्ली घेतली. फाटक उघडलं, मुलं आत आली. एक चिमुरडी लगेच गज धरून रडू लागली. मी कुलूप लावलं.

"रांगेत उभी राहून रड," म्हणाले.

तळहातावर दोन थेंब घेतले, खांबाला चोळले. एकोणपन्नास वर्षांची, गुडघे दुखणारी बाई काय करते, हे मुलं बघत होती. तेल मी लावलं होतं. चपला काढल्या, ओढणी कमरेला बांधली आणि खांब धरला.