अकादमी आली आणि वानखडे सर सुटले

पांढरकवड्याच्या आमच्या कॉलेजात सायन्सला आम्ही चारच मास्तर, पण किस्से एवढे साचलेत की मधल्या सुट्टीतला चहा दरवेळी गारच प्यावा लागतो. त्यातले निम्मे एकाच दिवसाचे. देशाच्या विज्ञान अकादमीचे फेलो व्याख्यानाला आले तो दिवस!

विभागप्रमुख वानखडे सर या व्याख्यानासाठी वर्षानुवर्षं अर्ज करत होते. होकार आला आणि त्यांची झोपच उडाली. "शेवटी एकही प्रश्न नाई आला, तर काय तोंड दाखवू?"

भीती खरी होती. सर वर्गात प्रश्न विचारूच देत नसत. आपल्यालाच उत्तर आलं नाही तर, ही धास्ती!

*

दीपप्रज्वलनासाठी पंखे बंद केले. समई विझेल म्हणून ते पंखे पुन्हा लावायची कुणाची छाती होईना. त्यात पाहुण्यांच्या अंगावर शाल! बिचारे घाम पुसत म्हणाले, "सत्कार झाला असेल, तर ही काढू का?"

*

मग प्राचार्यांनी अकादमीचा इतिहास काढला. स्वातंत्र्याआधी मूठभर शास्त्रज्ञांनी ती कशी उभी केली, नवे फेलो कसे निवडतात, सरकारला सल्ला कसा देतात... संपेचना!

शेवटी पाहुणे उठले. "एवढं तर मलाही माहीत नव्हतं!"

*

विषय होता तारे. सरांनी तीन पोरांकडून ताऱ्यांवरचे प्रश्न पाठ करून घेतलेले. नेमकी लाइन गेली, प्रोजेक्टर बंद. पाहुण्यांनी तारे सोडले आणि काळ्या मातीवर, उन्हाळ्यात तिला पडणाऱ्या भेगांवर बोलले. फार सुंदर बोलले.

तरी पहिल्या बाकावरचा पोरगा उठलाच. "सर, तारा मरते तवा त्याचं काय होते?"

"शेवटी मातीच होते, बाबा!"

सरांनी कपाळाला हात लावला.

*

तेवढ्यात मागून एक पोरगी उठली. तिला कुणीच काही पढवलं नव्हतं. "सर, आमच्या वावरात पहिली भेग नेमकी कुठं पडन, हे आधी सांगता येते का?"

पाहुणे मूळचे आमच्याच जिल्ह्यातल्या उमरखेडकडचे, पण इतका वेळ पुस्तकी बोलत होते. त्यांनी डोकं खाजवलं आणि मोठ्या आनंदानं म्हणाले, "मले नाई मालूम!"

शेजारच्या खुर्चीत वानखडे सरांनी सोडलेला श्वास मला ऐकू आला. माझाही जीव भांड्यात पडला.

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये होतो. पलीकडे सरांच्या तासाला कुणीतरी भीतभीत काहीतरी विचारलं. मग भिंतीपलीकडून सरांचा खणखणीत आवाज आला, "मले नाई मालूम! अजून कोनाले काई इचारायचं हाय?"