मुलगी फ्री आहे

बारावी झाल्यावर मी मंचरला एका एसटीडी-झेरॉक्सच्या दुकानात कामाला लागले. सत्त्याण्णव साल असावं. अवसरी बुद्रुकहून सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी परत. बटाट्याचे व्यापारी, कॉलेजची पोरं, पुण्याला लेकीला फोन लावायला आलेल्या बाया, सगळ्यांशी मी बोलायचे. मला ते आवडायचं. दुकानाचे मालक वडिलांच्या ओळखीचे. एकदा ते वडिलांना म्हणाले, "भाऊ, तुमची पोरगी लई फ्री हाय. तिच्यामुळं गिऱ्हाईक टिकतंय."

वडील तो शब्द घेऊनच घरी आले. आठवडाभर भेटेल त्याला सांगत होते. बारावीच्या मार्कांचंही त्यांनी इतकं कौतुक केलं नव्हतं.

पुढच्या वर्षी डिंगोरे गावचं स्थळ आलं. मुलगा भोसरीला कंपनीत होता. मी आईने सांगितल्याप्रमाणे पाटावर मान खाली घालून बसले. मुलाची आई म्हणाली, "पोरगी बोलत न्हाई वाटतं."

माझी आत्या शेजारीच होती. तिला वाटलं, आता आपण सावरून घ्यावं. "छे वो! लाजतीय. एरवी लई फ्री हाय. दुकानात पोरं काय, बाप्ये काय, सगळ्यांशी फ्री ऱ्हाती."

बाईंनी कप खाली ठेवला. "सगळ्यांशी?"

"सगळ्यांशी," आत्या हसत म्हणाली.

मी मान वर केली. मुलगा खिडकीबाहेर बघत होता. त्यानंतर मला कुणी काही विचारलं नाही.

चार दिवसांनी मध्यस्थ येऊन ओट्यावर बसला. "पोरगी चांगली हाय राव, पण फ्री हाय म्हनत्यात. त्यांना घरात ऱ्हानारी पायजे."

तो गेल्यावर वडिलांनी मला हाक मारली. "तुझं ते इंग्रजीचं पुस्तक आण. काय अर्थ हाय त्या शब्दाचा?"

मी डिक्शनरी आणली. वाचून दाखवलं, "स्वतंत्र. मोकळा. मुक्त." त्यापुढे 'फुकट' होतं. ते मी वाचलं नाही.

"मंग यात वाईट काय हाय?" वडील म्हणाले. खरंच विचारत होते. मला वाटलं, आता ते उठतील, मध्यस्थाला गाठतील, चार शब्द सुनावतील. ते जागचे उठले नाहीत. म्हणाले, "सोमवारपास्नं दुकानात जाऊ नको."

मी गेले नाही. मालकांनी दोनदा निरोप धाडला, मग दुसरी मुलगी ठेवली. आत्याने आईला सांगितलं, "मी चांगलंच बोलले व्हते." ते खरंही होतं, म्हणून तिच्यावर धड रागावताही आलं नाही.

पुढच्या तीन स्थळांसमोर मी विचारलं तेवढंच बोलले. तिसऱ्याला पसंत पडले. ओतूरच्या बाजूला सासर मिळालं. माणसं वाईट नाहीत. नणंदेच्या सासरचे आले की सासूबाई सांगतात, सूनबाईचा आवाज कधी चुलीपुढून उंबऱ्याबाहेर गेला नाही. सुरुवातीला मी मुद्दाम गप्प राहायचे. नंतर मुद्दाम राहावं लागेना.

लग्नाला आठ-नऊ वर्षं झाल्यावर एकदा माहेरी गेले होते. वडील शेंगा फोडत बसले होते. मी विचारलं, "दादा, त्या शब्दात वाईट काय न्हवतं, हे तुमाला पटलं व्हतं ना?"

त्यांना लगेच कळलं कुठला शब्द. "पटलं व्हतं की."

"मग मला घरात का बसवलं?"

"गावाला डिक्शनरी कुठं वाचून दाखवीत फिरू?" ते म्हणाले, आणि निवडलेले दाणे माझ्यापुढे सरकवले. "खा."

मी खाल्ले नाहीत. पिशवी उचलली आणि स्टँडवर जाऊन बसले. एसटीला अजून दीड तास होता. शेजारच्या बाईने विचारलं, कुठल्या गावच्या तुमी? मी तोंड फिरवलं.